सगळ्या अल्बममागची एक शीळ

२ फेब्रुवारी, सकाळी

माझे कान उत्तम आहेत. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

इस्पितळाच्या कान-विभागात मी तीस वर्षं लोकांची श्रवणचाचणी घेतली. काचेपलीकडच्या बंद खोलीत पेशंट, अलीकडे मी. हेडफोनमधून त्याला एकेक स्वर द्यायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. कोणाला खरंच ऐकू येतं आणि कोण भिडेखातर मान डोलावतो, ते मला माणूस दारातून आत येतानाच कळायचं. अशा बाईला तिची लेक म्हणते, आई, कान तपासून घे.

निमित्त काय, तर परवा ती न कळवता आली आणि दाराबाहेर ताटकळली. बेल वाजवली म्हणते. मी घरातच होते, पेपर वाचत होते. बेल वाजली नाही. शेवटी खालच्या वकिलांकडची जादा किल्ली आणून ती आत शिरली आणि मला बघून रडायला लागली. माणूस पेपर वाचतोय, यात रडण्यासारखं काय आहे?

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बेल दाबली आणि कानांवर हात ठेवले. नाटकी माणूस. बिघाड सापडत नाही म्हणून सोंग.

लेकीचं म्हणणं, एक तर चाचणी, नाहीतर घर बंद करून माझ्याकडे चल. दोन्ही नामंजूर. हे जाऊन वर्ष होत आलं. घर शिस्तीत चाललं आहे. मी हलणार नाही.

तह जावयानं घडवून आणला. तो गाण्यातला दर्दी. म्हणाला, आई, जगात नावाजलेले थोडे अल्बम मी पाठवतो. वेगवेगळ्या प्रकारचे. एक दिवसाआड एक ऐका, काय वाटलं ते खरं खरं सांगा, दहापैकी गुण द्या. तुमचे कान धड असले तर आम्ही हा विषय पुन्हा काढणार नाही.

लगेच हो म्हटलं. मला गाण्यातलं कळत नाही. ऐकण्यातलं कळतं.

४ फेब्रुवारी, दुपारी

जावयानं ह्यांचा जुना स्पीकर माझ्या फोनला जोडून दिला आहे. निळा दिवा लागला की जोडलं गेलं. मला हे एकदाच सांगावं लागतं.

अल्बम पहिला. कव्हरवर पाणी नसलेला पोहण्याचा तलाव. प्रकाराचं नाव डब. नुसते जाड, खर्जातले ठोके, मध्येच कोणीतरी काहीतरी म्हणायचं विसरल्यासारखं थांबतं. कपाटातल्या कपबशा हलल्या. स्वच्छ, प्रामाणिक संगीत. लपवाछपवी नाही. आठ गुण.

खालच्या वकिलांनी छताला काठी ठोकली. वकिली सोडल्यापासून ते काठीनंच बोलतात. काठी अगदी स्पष्ट ऐकू आली. नोंद घ्यावी.

६ फेब्रुवारी

अल्बम दुसरा. कव्हरवर पेटलेलं शिडाचं जहाज. हेवी मेटल. लेक म्हणाली होती, आई, हा तुला झेपणार नाही. उत्तम झेपला. गाणारा ओरडतो, पण पोटातून. हल्ली दुकानदार, बँकेतली मुलगी, सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. त्यापेक्षा हा बरा. आठ.

जावयानं फोनवर विचारलं, मागे झांजा कशा वाटल्या? सांगितलं, झांजा नाहीतच. तो म्हणाला, बरं. मुलगा चांगला आहे, पण कानाचा कच्चा.

वकील जिन्यात भेटले. ताई, तुमच्याकडे लढाई चालू होती का, म्हणाले. नावाजलेला अल्बम आहे, म्हटलं. ते म्हणाले, नावाजू द्या, पण दुपारी चारनंतर नावाजू द्या.

वेळ बदलली. आता चहाबरोबर, चार वाजता.

८ फेब्रुवारी

अल्बम तिसरा. चेलो. एकटा म्हातारा, एकटं वाद्य. कव्हरवर नुसती खुर्ची. भारदस्त आहे. आधीच्यांपेक्षा थोडा दबका, म्हणून सात.

एक तक्रार. हा वादक दोन सुरांच्या मधे, जिथे शांतता असायला हवी तिथे, शीळ घालतो. बारीक, दातांच्या फटीतून. चार हजारच्या आसपासची फ्रिक्वेन्सी असावी. एवढा नावाजलेला माणूस आणि ही सवय. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं हटकायला हवं होतं.

जावयाला कळवलं. त्याला शीळ आठवत नाही. पुन्हा तेच, बरं.

१० फेब्रुवारी

अल्बम चौथा. जाझ. याचं चित्रीकरणही होतं, तेही पाहिलं. फसवणूक. ड्रमवाला पितळी थाळ्यांवर तासभर काठ्या फिरवतो, घाम पुसतो आणि थाळ्यांचा आवाज शून्य. लोक टाळ्या वाजवतात. कशाला? सॅक्सोफोनवाल्याच्या जिवावर पाच गुण दिले.

याच्यातही शीळ आहे.

चेलोवाला आणि हे लोक, मधे पन्नास वर्षांचं अंतर. शीळ तीच. मी आवाज ओळखण्यात चुकत नाही.

१२ फेब्रुवारी

अल्बम पाचवा. रॅप. भराभर बोलणारा एक तरुण. बोलण्यातले स आणि श त्यानं गाळूनच टाकले आहेत. पुढचे दातच नसावेत. या मुलाला माझ्यासमोर बसवलं असतं तर उच्चार नीट करून परत पाठवला असता. चार.

आणि शीळ. मुलाच्या बोलण्यामागे, जरा बाजूला, शेजारच्या खोलीतून आल्यासारखी.

मी फोन बंद केला. शीळ थोडा वेळ राहिली, मग मी भांड्यांचा आवाज केला तेव्हा गेली.

स्पीकर खराब आहे. मेकॅनिकला निरोप दिला.

१३ फेब्रुवारी, सकाळी

काही गोष्टी लिहून टाकलेल्या बऱ्या, म्हणजे डोक्यात घोळत नाहीत.

आमचे हे शीळ घालायचे. गाणं म्हणून नव्हे. सूर म्हणणंसुद्धा जास्त होईल. नकाशे काढण्याच्या कचेरीत आयुष्य गेलं, चष्म्याशिवाय चालायचं नाही आणि चष्मा रोज हरवायचा. तो शोधताना दातांच्या फटीतून एक बारीक, बेसूर, न संपणारी शीळ. या खोलीतून त्या खोलीत. चष्मा बहुतेक डोक्यावर असायचा. मी सांगायची, घरात शीळ घालू नका. ते थांबायचे, दोन पावलं टाकली की पुन्हा सुरू. लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत हेच.

शेवटी इस्पितळातसुद्धा. चष्मा उशाशीच होता.

एवढंच. सुशिक्षित बाई आहे मी. नुसतं नोंदवून ठेवलं.

१४ फेब्रुवारी

मेकॅनिक आला. स्पीकर उघडला, झटकला, स्वतःचा फोन लावून बघितला, कान टेकवून बसला. म्हणाला, मॅडम, मशीन ठणठणीत आहे, शीळबीळ काही नाही. मी म्हटलं, नीट ऐका, आत्तासुद्धा येते आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मधल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. घरात आणखी कोणी आहे का, विचारलं.

नाही म्हटलं.

चहा अर्धा टाकून गेला. पैसेही कमी घेतले. आजकालच्या कारागिरांना चिकाटी नाही.

१५ फेब्रुवारी, चार वाजता

अल्बम सहावा. शास्त्रीय गायन. एक बाई, एक राग, पाऊण तास. मागे तंबोरा. जावयाच्या मते ही बाई तार सप्तकात जाते तेव्हा लोक जागच्या जागी थिजतात. माझ्यापुरती ती वर जाते आणि तिथून दिसेनाशी होते. गच्चीवर गेलेल्या माणसासारखी. परत खाली आली की मी तिला पुन्हा भेटते. मधल्या वेळात काय करते, कोणास ठाऊक. तीन गुण, तेही खाली आल्याबद्दल.

ती वर गेली की मात्र शीळ मोकळी ऐकू येते. तंबोऱ्याला एक जादा तार लावल्यासारखी. बेसूर.

मी उठून मधल्या खोलीत गेले. तिथे शीळ नव्हती. स्वयंपाकघरात होती. स्वयंपाकघरात गेले तर ह्यांच्या टेबलाकडे. नकाशाच्या टेबलावर अजून त्यांची मोठी पट्टी आणि पेन्सिली आहेत. झाडायला हात लावते, हलवत नाही.

उभी राहिले. शीळ माझ्याभोवती फिरून गेली, एखाद्यानं वाटेतली खुर्ची चुकवावी तशी.

१६ फेब्रुवारी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे, पहिल्या वर्गात.

लेकीचा फोन. आवाज दमल्यासारखा का, म्हणाली. सांगितलं, रॅप ऐकला.

१७ फेब्रुवारी, दुपारी

संकल्प: कारण शोधायचं आणि प्रकरण मिटवायचं. शीळ आहे म्हणजे शोध आहे. शोध आहे म्हणजे वस्तू हरवली आहे. वस्तू सापडली की शीळ थांबेल. हे शास्त्र आहे, अंधश्रद्धा नाही.

चष्मा माझ्या कपाटाच्या खणातच होता, मीच ठेवलेला. पुसला. नकाशाच्या टेबलावर ठेवला, सहज दिसेल असा, काड्या उघड्या. एखाद्याला तो दिसला तर दिसला. माझं काही म्हणणं नाही.

चारला चहा केला. दोन कप झाले. दूध जास्त झालं होतं म्हणून.

शीळ थांबली नाही. टेबलाजवळून जातो आणि पुढे जातो. नेहमीचंच. समोर असलेली वस्तू या माणसाला कधी दिसली आहे?

१९ फेब्रुवारी

अल्बम सातवा. आज प्रथमच कबूल करते की जग कधी कधी बरोबर असतं.

काय प्रकार आहे ठाऊक नाही. जावयानं लिहिलं आहे, इलेक्ट्रॉनिक, शांतपणे ऐका. कव्हरवर धुकं. वादक नाहीत, ठोके नाहीत, मिरवणं नाही. संपूर्ण शांतता आणि त्या शांततेत, दूरवर, एकच बारीक सूर. थोडा जवळ येतो, थोडा लांब जातो. कुठे निघालो हे विसरल्यासारखा थबकतो. पुन्हा चालू लागतो. पूर्ण तास या कलाकारानं त्या एका सुरावर काढला. धाडस आहे. आमच्या घरातली ती शीळही आज या सुरात अशी मिसळून गेली की वेगळी काढता येईना, आणि पहिल्यांदा ती बेसूर वाटली नाही.

चहा निवला. डोळ्यांतून पाणी आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं आहे, त्याचं असणार.

दहापैकी दहा. आयुष्यात मी कोणाला दहा दिले नव्हते. शिकाऊ मुली रडायच्या. लेकीलाही कधी नाही दिले.

जावयाला लांबलचक मेसेज पाठवला. शेवटी लिहिलं, आभारी आहे.

२० फेब्रुवारी

जावयाचा फोन. आधी बराच वेळ घसा खाकरला. मग विचारलं, आई, त्या अल्बममध्ये तो लहान मुलांचा कोरस होता, तो आवडला का? म्हटलं, कोरस नाही त्यात. आणि नगारे, विचारलं. सुरुवातीलाच नगारे आहेत.

मी स्पीकरकडे बघितलं. निळा दिवा लागलेला नव्हता. कालपासून लागलेला नसावा.

जावयाला म्हटलं, मला तुमच्या कोरसमध्ये रस नाही, गुण दिले ते दिले.

तासभर मी कशाला दहा दिले?

प्रश्न विचारून ठेवला आहे. उत्तराची घाई नाही.

२२ फेब्रुवारी

अल्बम आठवा आणि शेवटचा. निळा दिवा तपासला. दोनदा. कव्हरवर हिमाच्छादित कुंपण. काचेचे प्याले, त्रिकोणी घंटा, लहान लहान घुंगरांसारखं काहीतरी. असं वर्णनात लिहिलं आहे. मला कोणीतरी लांबच्या खोलीत कपडे घडी करून ठेवत असल्यासारखं वाटलं. ठप. ठप. मग काही नाही.

आणि काही नाहीच्या जागी सगळीकडे शीळ.

एक गुण. कुंपण बरं काढलं आहे.

जावयाला सांगितलं, चाचणी संपली, सगळे अल्बम ऐकले, सगळ्यांवर मत दिलं, बहिरी माणसं मत देत नसतात. तो म्हणाला, हो आई. हल्ली तो फार हो म्हणतो.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी

आज मुंगी आली. माझी शेवटची शिकाऊ. आली-गेली कळायची नाही इतकी हळू वावरायची, म्हणून मीच तिला मुंगी म्हणायची. आता माझ्या जागेवर तीच विभागप्रमुख आहे. आवाज पूर्वीपेक्षाही खाली गेला आहे तिचा. जबाबदारीनं माणसं दबतात.

म्हणाली, मॅडम, एक अवघड केस आहे, तुमचं मत हवं. बरं वाटलं. निवृत्त माणसाला कोण विचारतं? तिला समोरच्या खुर्चीत, उजेडात बसवलं. मला बोलणाऱ्याचं तोंड दिसलेलं आवडतं.

पेशंट बाई, वय साठीच्या पुढे, शिकलेली, एकटी राहते. खालच्या स्वरांपासून वर जात गेलो, मुंगी म्हणाली, तसे आकडे असे आले: आठ, आठ, सात, पाच, चार, तीन, एक. आमच्या काळी डेसिबलमध्ये बोलत. हल्ली दहापैकी बोलत असतील. पण उतार डोळ्यांसमोर लगेच उभा राहिला, हजारदा काढलेला. जाड आवाज जागेवर, बारीक आवाज गेलेले. मी विचारलं, बाई मान्य करते का? नाही म्हणाली. बेल बिघडली आहे म्हणते? हो. लोक पुटपुटतात म्हणते? हो.

मी तिला सांगितलं की यात अवघड काय आहे, पुस्तकातली केस आहे. दोन्ही कानांना मशीन लावा. गोड बोलत बसू नका, असल्या बायका हट्टी असतात. आणि कानात नाद येतो का ते विचारा, अशा उताराला बहुतेक येतोच.

मुंगीनं चहाचा कप खाली ठेवला. आवाज न करता.

"मॅडम, हे तुम्ही अल्बमना दिलेले गुण आहेत."

मी तिचा कप बशीत सरळ ठेवला.

मग तिनं सगळं सांगितलं. जावई तिच्याकडे गेला होता. अल्बम त्याचे, क्रम तिचा. सर्वांत खर्जातला पहिला, सर्वांत बारीक आवाजांचा शेवटी. ही पद्धत माझीच. पेशंटला चाचणी वाटू द्यायची नाही, गप्पा वाटू द्यायच्या, आणि खालून वर जायचं. माणूस आपोआप सापडतो. हे मीच तिला शिकवलं होतं, दटावून.

"एक दहा मात्र कुठे बसवायचा कळेना," ती म्हणाली.

"तो वगळ," मी म्हटलं. "स्पीकर बंद होता."

ती गेली तेही कळलं नाही. म्हणजे नेहमीसारखी हळू गेली.

२५ फेब्रुवारी

शिष्येला दहापैकी नऊ. एक कापला, गुरूवर पद्धत वापरल्याबद्दल.

गुण देणं म्हणजे श्रवणचाचणी नव्हे. कोणतंही न्यायालय मानणार नाही. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, न्यायालय मानणार नाही, पण ताई, मी गेले सहा महिने जिन्यात तुम्हाला मागून नमस्कार म्हणतो, तुम्ही एकदाही वळला नाहीत. मला वाटायचं रागावला आहात.

रीतसर चाचणी देणार आहे. क्रम पाठ आहे, लय पाठ आहे. स्वर, विश्रांती, स्वर. मुंगी माझ्याच तालावर बटण दाबते. ऐकू आलं नाही तरी चुकणार नाही. म्हणजे, ऐकू येईलच.

२७ फेब्रुवारी, दुपारी

त्या खोलीत मी आतल्या बाजूला कधी बसले नव्हते. जाड दार लागलं की बाहेरचं जग कापल्यासारखं तुटतं. भिंतींना छिद्राछिद्रांच्या फळ्या. पायाखाली गालिचा. काचेपलीकडे मुंगी, माझ्या खुर्चीत. लेक तिच्या मागे उभी होती, पर्स पोटाशी धरून, लहानपणी निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी.

हेडफोन घातले. आणि लगेच पहिला स्वर आला, बारीक, स्वच्छ. मनात म्हटलं, एवढंच ना? बटण दाबलं. पुन्हा आला, दाबलं. जवळ आला, लांब गेला, थबकला, मी दाबत राहिले. एकही सोडला नाही. इतकी चांगली चाचणी मी कोणाची पाहिली नव्हती.

दार उघडून मुंगी आत आली. हेडफोन तिनं स्वतःच्या हातानं काढले आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, तोंड उजेडात ठेवून.

"मॅडम, मी अजून काही लावलेलंच नाही."

माझ्याकडे असे कितीतरी पेशंट येत. एका म्हाताऱ्याला धबधबा ऐकू यायचा, एका बाईला किडे. मी एकच वाक्य सांगायची. आवाज बाहेर नाही, तुमच्या कानातच आहे, सवय होईल. आणि दाराकडे बघून, पुढचे. काही जण दारात थांबायचे, काहीतरी सांगायचं असल्यासारखे. रांग मोठी असायची.

मुंगी ते वाक्य बोलली नाही. शिकवलेलं विसरली असेल. तिनं विचारलं, कधीपासून येतो? कसा आहे? मी म्हटलं, शीळ आहे. दातांच्या फटीतून. लेकीनं काचेपलीकडून माझे ओठ वाचले असणार. ती पाठमोरी झाली.

मुंगी म्हणाली, मशीन लावलं की बाहेरचे आवाज परत येतील आणि हा मागे पडेल.

विचारलं, "किती मागे?"

"बऱ्याच जणांना तर ऐकूच येईनासा होतो, मॅडम."

"छान," मी म्हटलं.

मग खरी चाचणी झाली. निकाल इथे लिहीत नाही. अल्बमनी आधीच सांगितला आहे.

६ मार्च

मशीनं आली. शेंगदाण्याएवढी, दोन. अटी लेकीच्या: जागेपणी कायम कानात. तसं असेल तर मी एकटी राहू शकते, घर बंद करायला नको. सही मागितली नाही, पण आवाज सहीचा होता.

लावली. आणि हे काय घर आहे? फ्रिज कण्हतो. घड्याळ दात वाजवतं. माझ्या सपाता फरशीवर कुजबुजतात. बेल म्हणजे किंकाळी आहे, इलेक्ट्रिशियननं कान झाकले ते बरोबर होतं. फोनवर जावयाचं ते ‘बरं’ ऐकलं, त्यात केवढा धीर होता तेही आज कळलं.

चार वाजता जाझ पुन्हा लावलं. पितळी थाळ्या आहेत. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आहेत, पत्र्यावर साखर सांडत राहावी तशा. ड्रमवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली. मग आठवा अल्बम. घंटा. प्याले. मधेच एक इतकी बारीक किणकिण की मी कप खाली ठेवला. जावयाला सुधारित गुण कळवले. जाझ आठ, घंटा नऊ. तार सप्तकातल्या बाईंना उद्या ऐकणार. गच्चीवर काय करतात ते बघायचं आहे.

चेलोही ऐकला. दोन सुरांच्या मधे म्हातारा श्वास घेतो. फक्त श्वास.

७ मार्च

स्वयंपाकघर, काही नाही. मधली खोली, काही नाही. नकाशाच्या टेबलाशी उभी राहिले. फ्रिज ऐकू आला.

लेकीचा फोन. किती स्पष्ट आवाज. लहानपणी बोलताना श ला थोडी अडखळायची, अजून अडखळते. मला वाटलं होतं, सुटलं असेल. आई, बरं वाटतं ना आता? म्हटलं, उत्तम. शांत वाटतं ना? म्हटलं, फार.

संकल्प: मशीन नियमित वापरायचं. कधीही काढायचं नाही. मी स्वतः शेकडो लोकांना दटावलं आहे.

९ मार्च

सातवा अल्बम, निळा दिवा लावून ऐकला. नगारे आहेत. मुलांचा कोरस आहे. मध्यम दर्जाचा. पाच गुण, तेही मुलांच्या तोंडाकडे बघून.

आधीच्या दहाबद्दल काही बदल नाही.

१० मार्च, चार वाजता

चहाच्या वेळेला अर्धा तास मशीन काढून ठेवावं असं मला वाटतं. कानाच्या कातडीला हवा लागली पाहिजे. बॅटरीही टिकते. पुस्तिकेत असं कुठे लिहिलेलं नाही, पण पुस्तिका लिहिणाऱ्यांना अनुभव नसतो.

डबीत ठेवली. फ्रिज गेला. घड्याळ गेलं. सपाता गेल्या.

जरा वेळ काहीच नव्हतं. कपावर हात ठेवून बसले.

मग मधल्या खोलीत, दाराच्या बाजूनं.

११ मार्च

लेकीला सांगितलं, दिवसभर लावते. चहाची वेळ यात धरायची नाही. तेव्हा कोणाशी बोलायचं नसतं.

आज अर्ध्याचा तास झाला. टेबलाजवळ तीनदा येऊन गेला. चष्मा तिथेच, काड्या उघड्या, उजेडात. चौथ्या फेरीला अगदी त्याच्यावरच थबकल्यासारखं वाटलं. इतका वेळ कधी थबकत नाही.

मी पटकन उठले. चष्मा उचलला आणि कपाटात, वरच्या फळीवर, हिवाळ्याच्या कपड्यांच्या मागे कोंबला. त्याच्यापुढे शालीची घडी लावली.

तिथे कोणाला सहज सापडणार नाही.